शिवेपलीकडची पाने

आमच्या घरात घट बसवण्याचा मान थोरल्याचा असतो. वडील गेल्यापासून तो माझ्याकडे आहे. त्या मानाबरोबर एक बंधन येते आणि माझ्या लेखी मानापेक्षा ते बंधन मोठे आहे. ज्याने घट बसवला त्याने दसऱ्यापर्यंत गावाची शीव ओलांडायची नाही. इतर घरांत हा नियम आहे की नाही, याची मी कधी चौकशी केली नाही. वडिलांनी तो पाळला, मी पाळला.

नळदुर्गच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवत असे. नवरात्रात रजा घेई. प्राचार्य कुरकुरत, पण रजा देत. जळकोटची शीव हमरस्त्याला जिथे लागते तिथे पूर्वी एक चिंच होती. त्या दिवसांत सकाळी अनवाणी चिंचेपर्यंत जाऊन मी माघारी फिरे. रस्ता रुंद झाला तेव्हा चिंच गेली. तरीही मी तेवढ्याच अंतरावरून फिरत राहिलो.

माझा धाकटा भाऊ हैदराबादला असतो. वनस्पतींच्या पानांत लस तयार करण्याचे काम करतो. आमच्यात बारा वर्षांचे अंतर आहे. आईच्या माघारी माझ्या पत्नीनेच त्याला वाढवले, त्यामुळे तो तिचा दीर कमी आणि मुलगा जास्त. या वर्षी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तो न कळवता आला. त्याच्या लसीची शेळ्यांवरची चाचणी चांगली झाली होती आणि त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात आले होते. आमच्या जिल्ह्याचे जुने नाव लावणारी शेळी सगळीकडे ओळखली जाते. आता त्या शेळीच्या रोगावर आमच्या गावचा माणूस लस काढतो, म्हटल्यावर गावाने त्याला वाटून घेतले. मी गावात सत्तर वर्षे राहिलो. मला कोणी वाटून घेतल्याचे आठवत नाही.

पहिला आला तो शेजारी. त्याच्याकडे चांगल्या शेळ्या आहेत आणि तोंडात सदैव तंबाखू असते. ओट्यावर बसत त्याने भावाला विचारले,

"भाऊ, तंबाखूतून लस काढता म्हणं."

"तंबाखू नव्हे. तंबाखूच्या भावकीतलं एक झुडूप आहे."

"भावकीतलंच की. मंग म्या इतकी साल लसच खायलोय म्हणायचं." त्याने चंची काढली. "तरी खोकला काय जाईना."

आतून पत्नी हसली. माझ्या बोलण्यावर ती कधी हसली, हे मला सांगता येणार नाही.

भावाने त्याला सगळे समजावून सांगितले. अंगणातल्या गुलाबाच्या बुडाशी कधी कधी गाठ येते, ती मातीतल्या एका जिवाणूची करणी असते. तो जिवाणू स्वतःजवळचा एक हुकूम झाडाच्या पेशीत सरकवतो आणि झाड ते काम आपलेच समजून करू लागते. "आम्ही काय केलं, त्याचा गाठ करायचा हुकूम काढून टाकला," भाऊ म्हणाला. "त्या जागी दुसरा घातला. शेळीच्या रोगाचा जो विषाणू आहे त्याचं नुसतं वरचं कवच तयार करायचा. मग झाडं उलटी धरून जिवाणूंच्या पाण्यात बुडवायची आणि वरून हवा ओढून घ्यायची. पानांतली हवा निघते, पाणी आत शिरतं. पुढं चार-सहा दिवस पान ते कवच करत बसतं."

"अन् त्या कवचानं शेळीला रोग व्हत न्हाय?"

"आत काहीच नाही, तर रोग कशानं होईल? शेळीच्या अंगाला फक्त ओळख पटते. खरा रोग आला की अंग तयार असतं."

शेजाऱ्याने चुना मळत विचार केला. "म्हंजे चोराचा सदरा हुंगवून कुत्रं तयार करायचं."

"माझ्यापेक्षा बरं सांगितलंत," भाऊ म्हणाला, आणि दोघे हसले. आत पत्नीही पुन्हा हसली.

मी विचारले, "पानाचं पुढं काय होतं?"

"चिरडतो, दादा. रस काढून घेतला की चोथा भट्टीत. पान हरितगृहाच्या बाहेर जाऊ द्यायचं नाही, तसा नियमच आहे."

"नियम तुमच्याकडंही आहेत तर," मी म्हणालो. त्याला माझ्या बोलण्याचा रोख कळला नाही. तो शेजाऱ्याला शेळ्यांची विचारपूस करू लागला.

तो जिवाणू माझा होता. हे विधान शास्त्रीय नाही, पण मला दुसरे शब्द सापडत नाहीत. एम.एस्सी.ला मी गुलाबावरच्या त्याच गाठींचा अभ्यास केला होता. गाठी कापून, त्यांचे काप काचेवर घेऊन मी महिनेच्या महिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलो होतो. त्या काळी जिवाणूचे गुपित नुकते कुठे उलगडू लागले होते. हैदराबादच्या एका संशोधन संस्थेकडून मला मुलाखतीचे बोलावणे आले. जागा एक होती, आणि माझ्या मार्गदर्शकांच्या मते ती मला मिळण्यासारखी होती. मुलाखत पाचव्या माळेला होती. आमच्याकडे नवरात्रातले दिवस घटावर चढणाऱ्या फुलांच्या माळांवरून मोजतात. पाचवी माळ म्हणजे पाचवा दिवस.

त्याच वर्षी वैशाखात वडील गेले होते. मी बसवलेला तो पहिला घट होता. माझे लग्न नुकतेच झालेले होते, भाऊ शाळेत होता. पाचव्या माळेच्या पहाटे मी पिशवी घेऊन चिंचेपर्यंत गेलो. हैदराबादची गाडी आली, थांबली आणि गेली. मी माघारी आलो. पुढच्या जूनपासून नळदुर्गला शिकवू लागलो आणि निवृत्त होईपर्यंत तेच करत राहिलो. गेलो नाही, कारण गेलो असतो तर घट करपला असता. या एका वाक्यावर मी माझे आयुष्य टेकवले होते. ते वाक्य तपासून पाहण्याची वेळ माझ्यावर आली नव्हती.

भाऊ आला त्या संध्याकाळी पत्नी घटासाठी शेतातली काळी माती चाळत होती. मान वर न करता ती म्हणाली,

"यंदा घट भाऊजींना बसवू द्या."

"का?"

"किती वर्षांनी आलेत सणाला. अन् मातीतलं कळतं त्यांना."

"मला कळत नाही?"

"तुम्हाला न कळायला काय झालं. पण तुम्ही दर साली बसवताच की."

मी म्हणालो, "बसवू दे." त्यावर आणखी काही बोलणे मला शोभले नसते.

दुसऱ्या दिवशी भाऊ घट बसवताना मी भिंतीला टेकून उभा होतो. वडील धान्य मुठीने पेरत. मीही मुठीनेच पेरत आलो. त्याने धान्य आधी धुऊन घेतले, फुटके दाणे निवडून बाजूला काढले. पत्रावळीवरच्या मातीवर ते असे पसरले की दाण्यावर दाणा चढू नये. मग वाटीच्या बुडाने हलकेच दाबले, वर मातीचा पातळ थर भुरभुरला. मध्यभागी पाण्याचा घट ठेवला. हात सावकाश चालत होते. अशा हातांना नोकरीत पगार मिळतो, हे मला दिसत होते.

"दादा, आपल्यात इतकं दाट का पेरतात?" त्याने विचारले. "खालचं कुजून जातं."

"मी दर साली सांगते," पत्नी म्हणाली. "ऐकतंय कोण?"

तिने मला हे पूर्वी सांगितले असेलही. त्या वेळी मात्र ती त्याच्या बाजूला बसून बोलत होती.

तिसऱ्या माळेच्या दुपारी त्याला हैदराबादहून दूरध्वनी आला. तो अंगणात फेऱ्या मारत बराच वेळ बोलला. निघण्याच्या आदल्या दिवशी त्याने झाडांची एक मोठी तुकडी जिवाणूंच्या पाण्यातून काढून हरितगृहात ठेवली होती. तोडणी ज्या सहकारी बाई पाहणार होत्या त्या तापाने पडल्या होत्या. पानांवर अंदाजापेक्षा आधी डाग दिसू लागले होते. पान थकू लागले की कवचही मोडू लागते, हे त्याने मला सांगितले. ते मला समजावून सांगण्याची गरज नव्हती.

"दादा, मला जावं लागेल."

"घट तू बसवला आहेस."

"माहीत आहे."

"शीव ओलांडायची नाही."

"पानं थांबत नाहीत. उद्या तोडली नाहीत तर सगळी तुकडी वाया जाईल. सहा महिन्यांचं काम आहे."

मला त्या क्षणी बरे वाटले, हे मी लिहून ठेवतो. मी जिथे उभा राहिलो होतो तिथे आता तो उभा होता. एका बाजूला घट आणि दुसऱ्या बाजूला हैदराबाद. चिंच नव्हती एवढाच फरक. त्याने यातले एक सोडावे आणि ते सोडताना त्याला काय होते ते मी पाहावे, अशी माझी इच्छा होती. मी पत्नीकडे पाहिले. नियम तिने सांगावा असे मला वाटत होते. माझ्या तोंडून तो हेव्यासारखा ऐकू आला असता.

ती चुलीपाशी राजगिऱ्याचे लाडू वळत होती. हात न थांबवता म्हणाली, "जावा भाऊजी. देवी काय दाराला कडी लावून बसली न्हाय. दसऱ्याला माघारी या म्हंजे झालं."

"वहिनी, चालेल ना पण?"

"पानं वाळून गेली तर देवीला काय मिळणार? जावा."

तिने गरम लाडू डब्यात भरले, वर फडके बांधले आणि डबा त्याच्या हातात दिला. त्याला उपवासही नव्हता. त्याने आम्हा दोघांना नमस्कार केला. मी त्याला पोचवायला चिंचेच्या जागेपर्यंत गेलो. मालट्रकांच्या धुळीतून गाडी आली. त्याने हात केला, चढला आणि शीव ओलांडून गेला. खिडकीतून पुन्हा हात केला. मी अनवाणी उभा होतो आणि डांबर तापलेले होते.

घरी आल्यावर पत्नी म्हणाली, "घटाला पाणी आता तुम्ही घाला."

पुढचे दिवस मी घटाला पाणी घातले. आंब्याच्या पानाने शिंपडायचे, ओतायचे नाही, हे मला वडिलांपासून ठाऊक आहे. घट खुरटावा असे मला वाटत होते. वाटायला नको होते, पण वाटत होते. पाण्यात मात्र मी खोट केली नाही. खोट केली असती तर नियमाने शिक्षा केली असे मला म्हणता आले नसते.

ज्वारी आधी उगवली, बुडाशी तांबूस. मग गहू. मी दर वर्षीप्रमाणे बुरशीची वाट पाहिली. घटाच्या पोटाशी, जिथे ओल साचते, तिथे ती पाचव्या माळेला पांढऱ्या जाळीसारखी दिसू लागते. पाचवी माळ आली. पत्नीने घटावर तरवडाच्या फुलांची माळ चढवली. मी समई जवळ घेऊन वाकून पाहिले. बुरशी नव्हती.

"काय हुडकताय?" पत्नीने विचारले.

"काही नाही."

सातव्या माळेपर्यंत कोंभ वीतभर झाले. सगळे एका उंचीचे, सरळ, पिवळसर, दाट नसूनही भरलेले. गल्लीतल्या बायका आरतीला येत आणि आधी घटाकडे पाहत. कोणाचा हात, असे विचारत. पत्नी प्रत्येकीला सांगे, भाऊजींचा. हात हैदराबादला होता. पाणी घालणारा तिथेच टोपी घालून उभा होता. शेजारी आला, वाकून पाहून म्हणाला,

"सर, यंदा घट लई जोरात हाय."

"कोपऱ्यात अंधार आहे, समईची ऊब आहे," मी म्हणालो. "अंधारात कोंभ उंच होतात. प्रकाश शोधत वाढतात. त्यात हाताचं काही नाही."

"दर साली तिथं उजेड असायचा व्हय?"

मी समईची वात पुढे सारली. त्याने उत्तराची वाटही पाहिली नाही.

भावाचा दूरध्वनी रोज संध्याकाळी येई, पत्नीला. ती मोठ्याने बोलते, त्यामुळे मला सगळे ऐकू येई. पाने वेळेत तोडली गेली. रस चांगला निघाला. ज्या कवचाची अपेक्षा होती ते अपेक्षेहून अधिक मिळाले. बाईंचा ताप उतरला. "घट ना? तुमच्यावाणीच डोकं वर काढून बसलाय," ती म्हणाली. मग थोडे थांबून, "व्हय, तेच घालतात पाणी. न्हाय, तक्रार काही न्हाय त्यांची."

त्या रात्री मी मनाशी हिशेब नीट मांडला. घट बसवणारा शीव ओलांडून गेला होता. घट करपला नव्हता. माझ्या आठवणीतला हा सर्वांत चांगला घट होता, हे मला मान्य करावे लागत होते. तेव्हा त्या वर्षी मी गेलो असतो तरी घट करपला नसता. दुसरा निष्कर्ष निघत नव्हता. मी तो निरनिराळ्या बाजूंनी काढून पाहिला. आयुष्यभर विद्यार्थ्यांना निष्कर्ष काढायला शिकवणाऱ्या माणसाला एवढे तरी जमले पाहिजे.

भावाचा हेवा मला पूर्वीही वाटत असे. पण त्याला एक आधार होता. तो गेला आणि मी राहिलो, कारण कोणीतरी राहणे भाग होते. आता तो आधार कोपऱ्यात वीतभर उंच होऊन डोलत होता.

दसऱ्याच्या सकाळी भाऊ आला. हात-पाय धुऊन सरळ देवघरात गेला आणि घटासमोर मांडी घालून बसला. बोटाने कोंभांची बुडे बाजूला करून माती पाहिली.

"दादा, पाणी कोणी घातलं?"

"मी."

"छान घातलंत. एकसारखी ओल आहे."

परीक्षक उत्तरपत्रिका बाजूला ठेवताना म्हणतो तसे तो म्हणाला. त्याने ते मनापासून म्हटले होते, म्हणून मला अधिक लागले.

तो आंघोळीला गेला. पत्नी नैवेद्याचे ताट वाढत होती. मी दारात उभा राहिलो आणि इतक्या वर्षांत न विचारलेले विचारले.

"त्या वर्षी मी गेलो असतो, तर तू काय म्हणाली असतीस?"

कोणत्या वर्षी, असे तिने विचारले नाही. "म्हणायचं काय त्यात? लाडू बांधून ठेवले होते मी."

"कसले?"

"राजगिऱ्याचे. वाटेत तुमचा उपास मोडू नये म्हणून. पहाटेच उठून केले. डबा द्यायला दारात आले तर तुम्ही पार चिंचेकडं निघालेला. म्हटलं, एवढी काय घाई गाडीची. तोवर तुम्ही माघारी."

"तू बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं न्हाय. आल्या आल्या म्हणालात, जात नाही, घट आहे. नवी होते मी ह्या घरात. मला वाटलं, तुमच्या मनातच न्हाय जायचं, घटाचं नाव पुढं करताय. मग मी कशाला मधी पडू?" तिने ताटात वरण वाढले. "भाऊजींनी विचारलं, मी सांगितलं."

मला ते लाडू आठवतात. त्या दिवशी दुपारी ते माझ्यापुढे आले होते आणि ते उपवासाचे आहेत एवढेच मी समजलो होतो. मी एक खाल्ला. बाकीचे बहुतेक धाकट्याने संपवले.

घट उठवण्याचे काम मी केले. तो हक्क अजून माझ्याकडे आहे. कोंभ कापले. पहिले देवीला वाहिले. मग रीतीप्रमाणे थोरल्याने स्वतःच्या टोपीत खोवायचे आणि नंतर धाकट्यांना द्यायचे. मी कोंभांची जुडी हातात घेतली, उंच उंच तेवढे निवडले आणि माझ्या टोपीत खोवले. भाऊ टोपी घालत नाही. उरलेले त्याच्या कानावर ठेवले. त्याने मान खाली करून ते घेतले. कानावर हात नेऊन ते नीट बसलेत का हे पाहिले, शाळेत जाताना पाहायचा तसे.

पत्नीचे लक्ष माझ्या टोपीकडे होते.

संध्याकाळी सीमोल्लंघनाला गाव निघाले. हमरस्त्याच्या कडेने, हातात आपट्याची पाने घेऊन. भाऊ पुढे होता. लोक त्याला सोने द्यायला थांबवत होते, शेजारी त्याच्या बरोबरीने चालत शेळ्यांना लस कधी मिळणार हे विचारत होता. अजून बऱ्याच चाचण्या आहेत, काही वर्षे जातील, असे भाऊ सांगत होता. "तवर म्या चंचीतली देतो त्यास्नी," शेजारी म्हणाला आणि सगळे हसले.

चिंच होती त्या जागी पोचल्यावर भाऊ वळला. मी मागे पडलो आहे हे पाहून थांबला.

"दादा, सावकाश या. मी आहे."

मी त्याच्या बाजूने पुढे गेलो. थांबलो नाही.